चारोळीच्या झाडाला चिंधी

बुधवारा, बऱ्हाणपूर
ता. ९ फेब्रुवारी १९३९

चि. सौ. कोकिळा हीस,
गजाननाचे अनेक आशीर्वाद.

आजवर माझी सभा पोलिसांना उधळता आली नाही. आपल्या समोरचा दुकानदार शालिग्राम शेठ, त्यानं मुद्दाम लावलेल्या फोनोग्राफालाही आली नाही. ती गेल्या रविवारी तुझ्या धूलकोटच्या चारोळीनं उधळली.

वाचनालयाचा वार्षिक समारंभ होता. माझा विषय ‘शुद्ध माल, शुद्ध आचरण’. मी बोललो, लोकांनी ऐकलं. मग सगळ्यांना रवा-तुपाचा दराबा वाटला, आणि त्यावर अभिमानानं आपल्याच दुकानातली चारोळी पेरली. थोड्या वेळानं अध्यक्ष उठून उभे राहिले. मला वाटलं, माझ्या सन्मानार्थ उठले. ते तोंडाला उपरणं लावून थेट मागच्या अंगणात गेले. त्यांच्या मागून सेक्रेटरी गेले. आभारप्रदर्शनाला टाळ्या वाजवायला सतरंज्या तेवढ्या उरल्या. दराबा करणारा हलवाई शपथेवर सांगतो की तूप ताजं, साखर ताजी. मग मी पोतं उघडून पाहिलं. अर्धे दाणे सुरकुतलेले, काही काळपट, आणि दाताखाली धरले की कडू जहर.

कोकिळे, मी स्पष्ट विचारतो. तुझ्या गावचे लोक जुना सडका माल नव्यात मिसळतात काय? आबांच्या वेळेपासून हे दुकान धूलकोटच्या बायांची चारोळी सरळ काट्यावर घेत आलं. त्याचं हे फळ? अन्नात कपट करणारा माणूस चोरापेक्षा नीच. चोर फक्त घर लुटतो, हा पोटात शिरतो. पुढच्या मोसमापासून मी धूलकोटचा माल बंद करून जबलपूरहून मागवणार आहे. तुझ्या सासरची माणसं म्हणून आधी तुला कळवलं, एवढंच.

देवरामरावांना नमस्कार.

तुझा भाऊ
गजानन

ता. क. वन्सं, पाकिटात जागा आहे तेवढ्यात मी विमल लिहिते. सभेचं दुःख त्यांनी दोन पानं लिहिलं, घरचं लिहिलं नाही. रजनीनं त्याच पोत्यातली मूठभर चारोळी खाल्ली होती. पोर दोन दिवस ओकून ओकून पार मलूल पडली. आता पेज पचते आहे. वैद्य म्हणाले, मोठ्यांना निभलं, लहान पोटाला याहून जास्त झालं असतं तर कठीण होतं. हे रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून होते आणि चक्क गप्प होते. त्यावरून तुम्ही काय ते समजा.


धूलकोट
ता. २० फेब्रुवारी १९३९

ती. भाऊस,
कोकिळेचा साष्टांग नमस्कार.

आधी वहिनीच्या ओळी वाचल्या, म्हणून आधी त्यांचंच लिहिते. रजनीला माझ्यातर्फे कुरवाळ. तिला ताक पाजा, आणि ते पोतं दुकानातून काढून पुरून टाका. विकू नका, वाटू नका, गाईलाही घालू नका.

आता तुझ्या पानांकडे वळते. भाऊ, मिसळायला इथे जुना माल उरतो कुठे? तुझे बुधवाऱ्याचे व्यापारी टेकडीखाली गाड्या लावून बसतात, ते झाडाची पानं तेवढी मागे ठेवून जातात. कपट कुणी केलेलं नाही. केली ती घाई.

तू आयुष्यभर चारोळी विकलीस, पण झाडावर कधी पाहिली नाहीस, म्हणून सांगते. फळ हिरवं असतं, मग जांभळं होतं, मग काळं. काळं झालेलं फळ खायला गोड, आणि त्याच्या गुठळीतला, म्हणजे कठीण बियेतला, दाणा भरलेला. हिरवं तोडलं तर गुठळीत दाणा म्हणजे नुसतं पाणी आणि साल. वाळला की सुरकुततो. त्यात आणखी, फळं भिजवून, चोळून, गर पूर्ण काढून गुठळ्या उन्हात खडखडीत वाळवायला लागतात. हिरव्या फळाचा गर सुटत नाही. गाडीवाला हाका मारतो, तेव्हा तशाच ओलसर गुठळ्या पोत्यात जातात, आणि पावसाळाभर आतल्या आत बुरशी धरतात. तुझ्या अध्यक्षांना मागच्या अंगणात त्या बुरशीनं नेलं.

मग हिरवी का तोडतात? कारण झाडं कुणा एकाची नाहीत, सगळ्या गावाची आहेत. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, कुणी फांदीला हात लावायचा नाही, हा इथला कडक नियम. आखाजीच्या सकाळी पूजा झाली की टेकडी मोकळी. मग एक फळ मागे राहत नाही, कारण मी सोडलं तर शेजारीण तोडणार. आखाजी उशिरा आली तर फळ पिकलेलं मिळतं. लवकर आली तर हिरवं. मागच्या साली ती जरा लवकर होती. यंदा पंचांग उघडून बघ. अधिकमास पुढे श्रावणात आहे, त्यामुळे आखाजी एप्रिलच्या एकवीस तारखेलाच येऊन बसली आहे. त्या दिवशी टेकडीवर काय असेल, ते मी आत्ताच सांगते: हिरवे मणी.

तेव्हा जबलपूरचं पाकीट फाड आणि डोकं चालव. तोंड तर तुझं चालतंच.

तुझी
कोकिळा


बुधवारा
ता. २७ फेब्रुवारी १९३९

चि. सौ. कोकिळा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं, आणि प्रत्येक वेळी रक्त उसळलं. म्हणजे माझी पोर आजारी पडली ती पंचांगामुळे! फळ झाडावर पिकतं की भटजीच्या पोथीत? सूर्य आपल्या गतीनं तापतो, झाड आपल्या गतीनं पिकतं, आणि माणूस तेवढा चंद्राकडे बघून पिशवी घेऊन निघतो! या देशाला परक्या सत्तेनं जेवढं बांधलं नसेल तेवढं आपल्या आपण घातलेल्या दोरखंडांनी बांधलं आहे. ‘असंच चालत आलं’ हे तीन शब्द मला कुणी शिळेवर कोरून दिले तर मी ती शिळा तापीच्या डोहात टाकीन.

मी येतो. होळी आटोपली की लगेच येतो. गाव जमव. चावडीसमोर उभा राहून मी बोलेन, आणि बघ, तासाभरात ही रूढी मोडलेली असेल. गेल्याच महिन्यात राजघाटावर मी ‘लेकीचा वाटा’ या विषयावर दीड तास बोललो. बापाच्या घरात मुलीला हक्क हवा, हे ऐकून म्हातारे म्हातारे व्यापारी डोळे पुसत होते. धूलकोट काय अवघड आहे?

मला बसायला पाट नको, बोलायला उंच जागा हवी.

तुझा
गजानन

ता. क. वन्सं, रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना पोत्यांसमोर तालीम चालू आहे. शेंगदाण्याचं पोतं त्यांना फार मन लावून ऐकतं. रजनी पुन्हा उड्या मारायला लागली आहे. पण चारोळी दिसली की तोंड फिरवते. — विमल


धूलकोट
ता. १५ मार्च १९३९

ती. भाऊस,
सा. न.

सुखरूप पोचलास ना? गाडीत बसताना माझ्याशी धड बोललासही नाहीस, म्हणून जे तिथं सांगायचं होतं ते इथं लिहिते.

भाषण सुंदर झालं. यात थट्टा नाही. उलट्या ठेवलेल्या कढईवर उभा राहून इतकं बोलणं हे सोपं काम नव्हे. हे तर म्हणाले, तुझ्या भावाला पेरणीच्या वेळी बोलाव, बैल न हाकता चालतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पाहुणा घरचा. पण टाळ्या वाजवून ते काय बोलले ते तुला ऐकू आलं नाही, कारण तू तेव्हाही बोलत होतास.

भागाबाईनं तुला एक प्रश्न विचारला. आठवतो? ती म्हातारी खांबाला टेकून उभी होती, जिच्यापुढे पाटीलही विडी विझवतो. ती म्हणाली, “भाऊ, समदं खरं. पन पोरी आखाजीले येतात. पोरी गेल्यावर मंग टेकडी मोकळी करून काय फायदा?” आणि तू उत्तर दिलंस की शिक्षणानं स्त्री मुक्त होईल. भाऊ! बाई विचारते काय आणि तू सांगतोस काय!

तिच्या प्रश्नाचा अर्थ मी तुला सांगते, कारण मलाही तो इथे नांदल्यावर कळला. आखाजीला सगळ्या लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि टेकडी मोकळी झाली की आयांबरोबर चारोळी तोडायला जातात. लेकीनं माहेरच्या टेकडीवर जे तोडलं ते तिचं. नवऱ्याचं नाही, सासऱ्याचं नाही, भावाचं नाही. त्या पैशावर कुणी हात ठेवायचा नाही. बाईच्या अख्ख्या वर्षात स्वतःची म्हणावी अशी ती एवढीच कमाई. कुणी त्यातून नाकातलं करते, कुणी आजारी लेकराचं औषध. आखाजी झाली की सासरहून गाडी येते आणि लेकी जातात. टेकडी महिनाभर पुढे ढकलली तर फळ पिकेल, पण तोडायला लेक नसेल. तिचा वाटा सरळ भावांच्या घरात जाईल.

तू ज्याला दोरखंड म्हणालास, तो इथल्या बायांनी धरून ठेवलेला हक्क आहे. राजघाटावर ‘लेकीचा वाटा’ म्हणून दीड तास बोललास, आणि धूलकोटात तो वाटा मोडायला तासभर. भागाबाई जाताना म्हणाली, “तुह्या भावाचा गळा मोठा ग्वाड. कान मातर बसवायचे राह्यले.”

रागावू नकोस. हिरवी चारोळी तोडू नये हे तुझं म्हणणं सोळा आणे खरं आहे. फक्त ते पुरेसं नाही.

तुझी
कोकिळा


बुधवारा
ता. २६ मार्च १९३९

चि. सौ. कोकिळा हीस,
अनेक आशीर्वाद.

कानांबद्दलचा निरोप पोचला. विमलनं तो शेजारणीलाही वाचून दाखवला.

मी चुकलो, असं लिहिणार होतो. पण सभेत सवय नाही, म्हणून इथेही जमत नाही. एवढंच म्हणतो की माझा रोख योग्य होता, नेम जरा हुकला. तुझं पत्र आल्यापासून दुकानात बसून विचार करतो आहे. लेकींना महिनाभर जास्त ठेवून घेता येणार नाही काय? मी त्यांच्या सासऱ्यांना एक जाहीर विनंतीपत्र लिहितो. छापून गावोगाव वाटू. भाषा जरा कडक ठेवतो, म्हणजे मनावर घेतील.

ते नाही जमलं तर दुसरं काही सुचव. पण यंदा हिरवा दाणा माझ्या दुकानात येता कामा नये. रजनीचा तो पांढराफटक चेहरा मी विसरलेलो नाही. हे पत्रात लिहायचं नव्हतं, पण विमल नाही तरी लिहीलच.

ता. क. नेहमीप्रमाणे आखाजीच्या संध्याकाळपर्यंत नव्या चारोळीचं एक पोतं मात्र घोड्यावरून पाठवायला देवरामरावांना सांग. मुहूर्ताच्या ताटाला लागेल. आबांच्या वेळेपासून आखाजीला दुकानाच्या उंबऱ्यावर नव्या मालाचं ताट मांडलं जातं, गिऱ्हाईक चिमूट उचलून वर्षाचा सौदा बोलतं. ताट रिकामं ठेवून कसं चालेल? समोर शालिग्राम शेठ असतो.

तुझा
गजानन

आणखी ता. क. वन्सं, वरचा ता. क. मी मुद्दाम खोडू दिला नाही. तुम्हाला आवडेल म्हणून. — विमल


धूलकोट
ता. ६ एप्रिल १९३९

ती. भाऊस,
सा. न.

वहिनीला माझा आधी नमस्कार. असा ता. क. मला जन्मात पुन्हा मिळायचा नाही.

भाऊ, आखाजीला संध्याकाळी तुझ्या ताटात चारोळी हवी, तर ती सकाळी झाडावरून उतरायला हवी. भिजवायला वेळ नाही, चोळायला नाही, वाळवायला तर नाहीच. आणि ज्या दुकानाच्या ताटात माल आधी, त्याला भाव चढता. म्हणून सगळ्या बुधवाऱ्याच्या गाड्या आदल्या दिवशीच टेकडीखाली येऊन उभ्या राहतात, आणि बाया ते बघून आणखी घाई करतात. आमच्या रूढीनं फळ हिरवं तोडलं, तुमच्या रूढीनं ते ओलं पोत्यात भरलं. पंचांग दोघांचं एकच. ती शिळा तापीत टाकणार होतास ना? टाक. पण आधी तिच्यावर तुझं ताट मांडलेलं आहे, ते उचल.

‘ताट रिकामं ठेवून कसं चालेल?’ हा प्रश्न भागाबाईच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. तिला विचारलास तर ती तुला शिक्षणावर भाषण देणार नाही एवढं नक्की.

ते छापील विनंतीपत्र चुलीला दे. सासऱ्यांना कडक भाषेत लिहिलंस तर लेकींना पुढच्या साली आखाजीलाही पाठवायचे नाहीत.

आम्ही दुसरं काही ठरवलं आहे. भागाबाईच्या ओट्यावर चार आठवडी बाजारांच्या दिवशी बसलो, भांडलो, तेव्हा ठरलं. आखाजीला लेकी येतील. टेकडी मोकळी होईल, पण तोडायला नाही, बांधायला. प्रत्येक लेक आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी एका झाडाला बांधेल. ज्या झाडाला चिंधी ते झाड त्या लेकीचं, फळ कधीही पिको. झाड ठरलेलं असलं म्हणजे शेजारीण आधी तोडेल ही भीती नाही, आणि भीती गेली की घाईही गेली. पिकलं की घरच्यांनी तोडायचं, धुवायचं, वाळवायचं, आणि तिचं तिला पोचवायचं. ज्या घरात लेक नाही त्यांनी सुनेच्या नावानं बांधायची. हे शेवटचं मी घुसवलं.

भांडण कशावर झालं ते ऐक. पोरीच म्हणाल्या, “तोडणार कोन? भावजया! अन् त्या आमचं आमाले देनार?” यावर सगळ्या भावजया एकदम उठल्या, कारण त्याही कुठल्या तरी गावच्या नणंदा. भागाबाई ओरडली, “बसा खाली! तुमचं झाड तुमच्या माहेरी तुमच्या भावजयीच्या हाती, अन् हिचं झाड तुमच्या हाती. पलटून बघा जरा.” मग एकेक करून सगळ्या खाली बसल्या.

तर इकडचं असं ठरलं. पण टेकडीखाली गाड्या आल्या, आणि कुणी चढता भाव ओरडला, तर चिंध्या वाऱ्यावर जातील. बाकीच्यांचं मला माहीत नाही. निदान आबांच्या दुकानाची गाडी येऊ नये. आणि ताट रिकामं मांड. मांडू नको असं म्हणत नाही. मांड, आणि रिकामं मांड.

जमेल? तिथं कढईवर चढायचं नाही. उंबऱ्यावर गप्प बसायचं आहे. तुला ते जास्त अवघड.

तुझी
कोकिळा


बुधवारा
ता. २३ एप्रिल १९३९

चि. सौ. कोकिळा हीस,
अनेक आशीर्वाद.

मांडलं.

तांब्याचं ताट चिंचेनं घासून, हळदीकुंकू लावून, उंबऱ्यावर ठेवलं. आत काही नाही. उन्हात ते असं चमकत होतं की रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसावं. समोर शालिग्राम शेठच्या ताटात चारोळीचा ढीग, वर झेंडूचं फूल. त्याचा माल धूलकोटचा नव्हता, दुसऱ्या कुठल्या रानातला होता, पण हिरवा होता हे मला इथून कळत होतं. तुझ्यामुळे आता कळायला लागलं आहे, ही एक पीडाच झाली.

शेठ हाक मारून म्हणाला, “क्यों गजाननराव, यंदा हवा विकता काय?” लोक हसले. मी तोंड उघडलं. कोकिळे, तुला शपथेवर सांगतो, माझ्या जिभेवर पुरं भाषण तयार होतं. त्यात परकी सत्ता होती, बाजारपेठेची नीती होती, शेवटी एक संस्कृत वचनही होतं. इतक्यात रजनी आतून आली आणि ताटात डोकावून म्हणाली, “बाबा, यात ओकायचं काही नाही ना?”

मी एवढंच म्हणालो, “माल झाडावर आहे. पिकला की येईल.” माझ्या आयुष्यातलं सर्वांत लहान भाषण. टाळ्या पडल्या नाहीत. आमचे जुने हलवाई गिऱ्हाईक समोर गेले आणि वर्षाचा सौदा तिकडे बोलून आले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आबांच्या फोटोकडे बघायचा मला धीर झाला नाही.

तुमच्या टेकडीचं काय झालं? गाड्या गेल्या होत्या. आपल्या नव्हत्या, पण गेल्या होत्या. चिंध्या राहिल्या काय? लवकर लिही. तुझी चारोळी आली नाही तर माझं ताट वर्षभर रिकामं, आणि शेठला म्हण मिळेल ती वेगळी.

तुझा
गजानन

ता. क. वन्सं, दिवसभर गप्प होते. संध्याकाळी मी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. — विमल


धूलकोट
ता. २९ मे १९३९

ती. भाऊस,
सा. न.

उशिरा लिहिते, कारण हात काळे होते. चारोळीच्या गराचा डाग आठवडाभर जात नाही, आणि त्या हातानं कागद धरला तर तुला वाटेल मी तुझं ते विनंतीपत्र छापायला बसले आहे.

चिंध्या राहिल्या, भाऊ.

आखाजीला टेकडी लाल-हिरव्या-जांभळ्या चिंध्यांनी अशी फुलली की लेकींनी झोकेही तिथंच बांधले. गाड्या आल्या. एक गाडीवाला भाव ओरडला, मग वाढवून ओरडला. दोन घरच्या बाया पिशव्या घेऊन निघाल्या होत्या. भागाबाई टेकडीच्या वाटेवर बसली होती. ती हलली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, “जा ना, तोडा. मंग पुढच्या आखाजीले तुमच्या पोरीच्या डोळ्याले डोळा मी देनार का तुमी?” पिशव्या घडी होऊन घरी गेल्या. ज्या गाडीवाल्यानं नंतर विचारलं, ‘बुधवाऱ्यात गजाननराव काय भाव देणार?’, त्याला दुसऱ्या गाडीवाल्यानंच सांगितलं की त्यांचं ताट रिकामं आहे, ते थांबले आहेत. ती बातमी ऐकून इथले पुरुषही थांबले. तुझं ते लहान भाषण इथपर्यंत चालत आलं. मोठी कधी वेशीपलीकडे गेली नव्हती.

लेकी सासरी गेल्या. फळ जांभळं झालं, मग काळं. माझ्या नणंदेचं झाड माझ्या वाट्याला होतं. खरं सांगते, भरलेलं झाड बघून एक दिवस मनात आलं, थोडं बाजूला ठेवलं तर त्या बयेला काय कळतंय! मग माझं मलाच हसू आलं. तोडलं सगळं तिच्या नावानं. रात्रभर भिजवलं, पोत्यावर चोळलं, गर एक धागा ठेवला नाही. पाण्यात ज्या गुठळ्या वर तरंगल्या त्या फोल, त्या काढून टाकल्या. खाली बसल्या त्या घेतल्या. मेच्या कडक उन्हात पसरल्या, रोज उलटल्या. मुठीत घेऊन कानाशी हलवल्यावर आत दाणा खुळखुळला, तेव्हा भरल्या.

पोती पाठवते आहे. गुठळ्या सगळ्या फोडू नकोस. गुठळीतच ठेव, कोरड्या जागी, जमिनीला टेकवू नकोस. विकायची तेवढीच जात्यावर भरडून, पाखडून घे. फोडलेला दाणा लवकर खवट होतो. पावसाळ्यात एखादं कडकडीत ऊन पडलं की पुन्हा पसर. पहिला दाणा तू खा, रजनीला नंतर दे.

एक गंमत सांगून संपवते. चिंध्या बांधायच्या दिवशी सगळ्या लेकी आल्या होत्या, मी मात्र धूलकोटात होते. कुणीतरी राखायला हवं म्हणून माहेरी आले नाही. एका पोरीनं मला विचारलं, “काकू, तुमचं झाड कोनतं?” मी म्हटलं, माझं माहेर बुधवाऱ्यात, तिथं झाडं नाहीत, दुकानं आहेत. ती म्हणाली, “मंग दुकानाले बांधा.” आम्ही खूप हसलो.

तुझी
कोकिळा


बुधवारा
ता. १२ जून १९३९

चि. सौ. कोकिळा हीस,
अनेक आशीर्वाद.

पोती पोचली. पहिला दाणा मी खाल्ला. दुसरा आबांच्या फोटोपुढे ठेवला. मग ताट पुन्हा घासून उंबऱ्यावर मांडलं, मुहूर्त नसताना. आमचे जुने हलवाई रस्ता ओलांडून आले, एक चिमूट तोंडात टाकली, आणि परत समोर गेले ते सौदा मोडायलाच. शालिग्राम शेठचा माल आता पोत्यात वास मारू लागला आहे. मी त्याला काही म्हणालो नाही. म्हणजे थोडंसंच म्हणालो.

तू गंमत म्हणून लिहिलंस ते मी गंमत म्हणून वाचलं. मग दुकानात बसलो. तुला आठवतं, आबांच्या मागे दुकान माझ्याकडे आलं तेव्हा तुला कुणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. मी तेव्हा ‘लेकीचा वाटा’ बहुतेक पाठ करत असेन.

आपली चारोळीची मोठी चिनी मातीची बरणी, आबांच्या वेळची, गल्ल्याजवळ असते ती. तिच्या गळ्याला आज चिंधी बांधली आहे. त्या बरणीतून जे विकलं जाईल ते तुझं. दर साली. माझ्या मागेही. दुकानाला बांधा म्हणाली ना ती पोर, बांधलं.

पुढच्या आखाजीला तू इकडे ये. टेकडी राखायला भागाबाई आहे.

तुझा
गजानन

ता. क. वन्सं, याच्यापुढे आणखी पाच पानं होती, स्त्रियांचे हक्क आणि प्राचीन काळ. ती मी काढून घेतली, रजनी त्यांच्या होड्या करते आहे. तोंडात चारोळी भरून. चिंधी माझ्या हिरव्या लुगड्याची आहे आणि गाठ मी मारली आहे. त्यांनी मारली होती ती सैल होती. बरणी आता भावजयीच्या हाती आहे. भरवसा ठेवा. — विमल